'आईला बरं नाही' एवढं पुरतं का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

सहा-सात वर्षांच्या मुलाला 'आईला कॅन्सर झालाय' असं सांगणं क्रूरपणाचं आहे, 'बरं नाही' म्हटलं की झालं, असं तुम्ही लिहिलंत. अडचण अशी की 'बरं नाही' आपण सर्दीलाही म्हणतो. मग उद्या बाबा शिंकले तरी पोर धास्तावतं.

शिवाय दोन खोल्यांच्या घरात काही लपत नाही. मावशीशी फोनवर दबक्या आवाजात चाललेलं बोलणं मुलं बरोबर टिपतात आणि उरलेलं मनाने जुळवतात. 'मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली' ही समजूत या वयात सर्रास असते, पण मूल ती बोलून दाखवेलच असं नाही. म्हणून आजाराचं नाव घेतल्याबरोबर सांगायचं: 'हे तुझ्यामुळे झालेलं नाही. आईला मिठी मारलीस तरी तुला होणार नाही.'

सगळं एकदम सांगू नये, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त. पुढच्या एका केमोच्या फेरीपुरतंच, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचंच, बोला. केमो दर 21 दिवसांनी असेल तर कॅलेंडरवर मुलाच्याच हाताने खुणा करून घ्या. बऱ्याच औषधांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांदरम्यान सर्वांत कमी होतात. नेमके दिवस डॉक्टरांना विचारा. त्या दिवसांत आईला पटकन संसर्ग होऊ शकतो, म्हणून मुलाने शाळेतून आल्यावर आधी हात धुवायचे, सर्दी-ताप असेल तर आजीजवळ झोपायचं. कारण सांगायला विसरू नका, नाहीतर 'आई मला जवळ घेत नाही' एवढंच त्याच्या मनात राहतं. केस जाणार असतील तर तेही आधी सांगा. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत ते गळू लागतात आणि उशीवरचा पुंजका बहुधा मुलालाच आधी दिसतो.

'आई मरणार का?' याला 'छे, काहीतरीच!' म्हटलं की मूल पुन्हा विचारत नाही, आणि तेच वाईट. 'नक्की बरी होईल' असं वचनही देऊ नका. 'डॉक्टर औषध देतायत, त्याचा उपयोग व्हावा असं आम्हालाही वाटतं. काही बदललं तर तुला सांगू,' इतकं बोला, आणि ते पाळा. बरेचदा पुढचा प्रश्न डबा कोण करणार, हाच असतो. त्याला नाव घेऊन उत्तर द्या: सोमवार ते शुक्रवार आत्या.

वर्गशिक्षिकेला कळवाच. अंथरूण ओलं होणं, शाळेच्या वेळेला पोट दुखणं सुरू झालं तर रागावू नका. दोन-तीन आठवडे टिकलं तर हॉस्पिटलमधल्या समुपदेशकांना गाठा. आणि उपचारासाठी मुंबईला जाताना मुलाला गावी ठेवणार असाल, तर ते झोपेत असताना निघू नका.