कविता आणि संगीत सरसकट हराम आहे का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वालैकुम अस्सलाम भाई. शेवटी "अल्लाह तुम्हाला हिदायत देवो" असं लिहिलंत, त्यावर मनापासून आमीन. उत्तर जरा लांबणार आहे, कारण तुम्ही चार दलीली (पुरावे) दिल्यात आणि एकेकीला एका ओळीत उडवणं मला बरोबर वाटत नाही.

ज्यांनी फक्त ही पोस्ट उघडलीय त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इस्लाममध्ये कविता हराम नाही, तिचा निकाल तिच्यातल्या मजकुरावरून लागतो, आणि वाद्यांबद्दल उलमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) जुना मतभेद आहे. त्यावर तुमचं म्हणणं असं: कुरआनने शायरांना गुमराह म्हटलंय, इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात वाद्यांविरुद्ध साफ हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे, सुन्नी पंथांच्या चारही इमामांचा इज्मा (एकमत) आहे, आणि पैगंबरांचे सहाबी (सोबती) हजरत इब्न उमर (र.) यांनी बासरीचा आवाज आल्यावर कानात बोटं घातली. तेव्हा मी सुफी आणि मॉडर्न लोकांचं ऐकून पोरांना बिघडवतोय, लेख काढून टाकावा.

आधी कवितेचं बघू, कारण तिथे मला काही शंकाच नाही. तुम्ही सूरह अश-शुअराची आयत दिलीत, की शायरांच्या मागे भरकटलेले लोक जातात, ते प्रत्येक दरीखोऱ्यात भटकतात आणि जे करत नाहीत ते बोलतात. आयत २२४ ते २२६. पण भाई, २२७ कुठे गेली? तिथे लगेच अपवाद आहे की ज्यांनी ईमान आणलं, नेक कामं केली, अल्लाहचा भरपूर जिक्र (स्मरण) केला आणि जुलूम झाल्यावर प्रत्युत्तर दिलं ते यात नाहीत. तफ्सीरमध्ये (कुरआनच्या भाष्यात) तर येतं की आधीच्या आयती ऐकून हस्सान बिन साबित, अब्दुल्लाह बिन रवाहा आणि कअब बिन मालिक हे तीन शायर सहाबी रडत पैगंबरांकडे (स.) आले, आणि त्यांना हाच अपवाद वाचून दाखवला गेला. म्हणजे ज्या आयतीने तुम्ही सगळ्या शायरांना एका रांगेत उभं करताय तीच त्यांचे दोन भाग करतेय. अर्धी आयत देऊन हराम सांगणं ही छोटी गोष्ट नाही, मला ते वाचून खरंच वाईट वाटलं.

आणि पैगंबरांचं (स.) वागणं बघा ना. हस्सान (र.) यांच्यासाठी मशिदीत मिंबर ठेवला जायचा, त्यावर उभं राहून ते शेर म्हणायचे, मुश्रिकांच्या (अनेक देव मानणाऱ्यांच्या) निंदेला उत्तर द्यायचे, आणि पैगंबर (स.) दुआ करायचे की रूहुल कुद्सने, म्हणजे जिब्रीलने, त्यांना साथ द्यावी. पुढे हजरत उमर (र.) यांच्या काळात हस्सान मशिदीत शेर म्हणत होते तेव्हा उमरनी जरा रोखून पाहिलं, तर हस्सान सरळ म्हणाले की मी इथे तेव्हाही म्हणायचो जेव्हा तुमच्यापेक्षा श्रेष्ठ व्यक्ती इथे होती, आणि अबू हुरैरांना (र.) साक्षीला घेतलं. ही रिवायत (सांगितली गेलेली हकीकत) बुखारीत आहे, सहीह मुस्लिम या दुसऱ्या हदीससंग्रहातही आहे. मग लबीदच्या ओळीला, की अल्लाहखेरीज सगळं व्यर्थ आहे, शायरांनी सांगितलेली सर्वात खरी गोष्ट असं पैगंबरांनी (स.) म्हटलं, ती ओळ तर जाहिलियतच्या (इस्लामपूर्व काळातल्या) शायरीतली. उमय्या बिन अबी सल्त, जो मुसलमान झालाच नाही, त्याचे शेर एका सहाबींकडून "अजून म्हण, अजून म्हण" करत शंभरपर्यंत ऐकले, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. खंदक खोदताना इब्न रवाहांचे शेर स्वतः म्हटले. "काही शेरांमध्ये हिकमत असते" ही हदीसही बुखारीतलीच.

तुम्ही म्हणाल, पण ती पू वाली हदीस आहे ना, की पोट शेरांनी भरण्यापेक्षा पूने भरलेलं बरं. आहे, सहीह (खात्रीची) आहे. पण इमाम बुखारींनी ती ज्या बाबखाली (प्रकरणाखाली) लिहिली त्या बाबचं नाव वाचा, की शेर माणसावर इतके स्वार व्हावेत की अल्लाहचा जिक्र, इल्म आणि कुरआन यांपासून तो अडावा हे नापसंत आहे. इमाम बुखारींनीच तिचा अर्थ लावून ठेवलाय. इमाम शाफिईंचं (जे स्वतः उत्तम शायर होते) म्हणणंही हेच की शेर म्हणजे बोलणंच, त्यातलं चांगलं ते चांगलं आणि वाईट ते वाईट. म्हणून खोटी स्तुती, कोणाच्या बायकोमुलीची बदनामी, दारूचं गुणगान, अश्लीलता असल्या कवितेला मीही नाजायजच म्हणतो, मागच्या लेखातही तेच लिहिलं होतं.

आता संगीत. इथे तुमची बाजू जास्त भक्कम आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. वाद्यं नाजायज म्हणणारे उलमा बहुसंख्य आहेत, आजही आहेत, पूर्वीही होते. ज्यांना वाटतं की हा मतभेद काल-परवा कोणा मॉडर्न माणसाने उकरून काढला किंवा उलट ज्यांना वाटतं की बंदी ही फक्त काही कट्टर लोकांची कल्पना आहे, दोघांनी जुनी किताबं उघडलेली नाहीत.

बुखारीतली ती हदीस: माझ्या उम्मतमध्ये (अनुयायांमध्ये) असे लोक होतील जे जिना (व्यभिचार), रेशीम, दारू आणि वाद्यं हलाल ठरवतील. इब्न हज्म (मृत्यू १०६४) म्हणायचे की हिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) तुटलेली आहे, कारण इमाम बुखारींनी "हिशाम बिन अम्मार म्हणाले" एवढंच लिहिलंय. पण मी या आक्षेपाच्या मागे लपणार नाही. हिशाम हे बुखारींचे उस्ताद होते, इब्न सलाह आणि इब्न हजर या हदीसच्या जाणकारांनी याचं उत्तर दिलंय, दुसऱ्या किताबांत जोडलेल्या सनदी मिळतात. हदीस सहीह आहे असंच मी मानतो. प्रश्न आहे ती कशाबद्दल आहे. बुखारींनी ती पेयांच्या किताबमध्ये ठेवलीय, दारूला दुसरं नाव देऊन हलाल करणाऱ्यांच्या बाबमध्ये. जायज म्हणणारे म्हणतात की इथे एका मैफिलीचं चित्र आहे, दारू, व्यभिचार, रेशीम, गाणारणी सगळं एकत्र, आणि गरीब माणूस दारात आला तर त्याला उद्या ये म्हणून परत पाठवणारे बेफिकीर लोक. नाजायज म्हणणारे उत्तर देतात की बाकीच्या तिन्ही गोष्टी एकेकट्याही मनाईच्या आहेत, मग चौथीच तेवढी वेगळी कशी? हे उत्तर वजनदार आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण ते पटलेल्या माणसाला मी चुकीचा म्हणू शकत नाही.

का पटत नाही ते सांगतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. ईदच्या दिवशी पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत आयशांच्या (र.) घरी दोन मुली इस्लामपूर्व बुआसच्या लढाईची गाणी गात होत्या, दफ (डफ) वाजवत होत्या, पैगंबर (स.) तिथेच पांघरूण घेऊन पहुडले होते. अबू बक्र (र.) आले आणि रागावले की रसूलच्या घरात शैतानाचं वाद्य? तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, राहू दे अबू बक्र, प्रत्येक कौमची ईद असते आणि ही आमची ईद आहे. लग्नाचंही तसंच, रुबय्यिअ बिंत मुअव्विज यांच्या लग्नात मुली दफ वाजवून बद्रच्या शहीदांची गाणी गात होत्या, त्यात एकीने गायलं की आमच्यात असा नबी आहे ज्याला उद्याचं माहीत आहे, तर पैगंबरांनी (स.) तेवढी ओळ थांबवली आणि सांगितलं की आधी जे गात होतीस तेच गा. बघा, अकीद्याला (श्रद्धेला) धक्का देणारे शब्द थांबवले, दफ नाही थांबवला, गाणंही नाही. अन्सारांमधल्या एकाच्या लग्नाबद्दल तर स्वतःहून विचारलं की काही करमणूक नव्हती का, अन्सारांना ती आवडते.

आता नाजायज म्हणणारे म्हणतात की ही सूट फक्त दफला, फक्त ईद आणि लग्नाला, आणि गाणाऱ्या लहान मुली होत्या. ठीक आहे. पण जी गोष्ट मुळातच नापाक असते तिला ईदची सूट मिळते का? दारू ईदच्या दिवशी हलाल होत नाही. जिना लग्नाच्या आनंदात माफ होत नाही. मग ज्याला आनंदाच्या दिवशी खुद्द पैगंबरांच्या (स.) घरात जागा मिळाली ते त्याच जातीचं पाप कसं? इमाम गझालींनी (मृत्यू ११११) इह्या या आपल्या ग्रंथात याचा फार खोल विचार केलाय. त्यांचं म्हणणं की सुंदर आवाज, मग तो बुलबुलचा असो की माणसाचा, फक्त सुंदर आहे म्हणून हराम होत नाही. तार आणि फुंकवाद्यं मना झाली ती दारुड्यांच्या मैफिलीशी जोडली गेल्यामुळे, जशी दारू बंद झाली तेव्हा सुरुवातीला दारू बनवायची भांडीसुद्धा मना केली होती. आणि हो, तुम्ही त्यांचं नाव पाहून लगेच सुफी म्हणाल म्हणून सांगतो, गझाली त्या तार-फुंकवाद्यांना नाजायजच म्हणतात. सोयीचं तेवढं घ्यायचं आणि उरलेलं सोडायचं, असं मी करणार नाही.

सूरह लुक्मानची सहावी आयतही बरेच जण देतात, तुम्ही नाही दिलीत पण खाली दुसऱ्या कोणीतरी दिलीय. हजरत इब्न मसऊद (र.) यांनी कसम खाऊन सांगितलं की तिच्यातली गोष्ट म्हणजे गाणं, त्यामुळे ती तफ्सीर हलक्यात घेता येत नाही. पण आयतमध्येच अट आहे की लोकांना अल्लाहच्या मार्गावरून हटवायला आणि त्या मार्गाची थट्टा करायला जो हे विकत घेतो तो. ती नद्र बिन हारिसबद्दल उतरली असंही येतं, जो इराणी राजांच्या कथा सांगून लोकांना कुरआनपासून तोडायचा. तसल्या हेतूने केलेली कुठलीही गोष्ट हरामच.

चार इमामांचा इज्मा. चारही इमामांचे गाण्या-वाद्यांबद्दलचे शब्द कडक आहेत हे खरंय, इमाम मालिकना मदिनेतल्या गाण्याबद्दल विचारलं तर म्हणाले की आमच्याकडे हे फासिक (पापी) लोक करतात. पण मजहबांचं (इमामांच्या पंथांचं) मत वेगळं आणि इज्मा वेगळा. त्याच मदिनेतले इब्राहीम बिन सअद, ज्यांच्या हदीस बुखारी आणि मुस्लिम दोघांनी घेतल्यात, गाणं जायज मानायचे. मालिकी काझी अबू बक्र इब्नुल अरबी (मृत्यू ११४८, हे सुफी इब्न अरबी नव्हेत) म्हणतात की मनाईची एकही हदीस सहीह नाही. दमिश्कचे हनफी आलिम नाबुलुसी (मृत्यू १७३१) यांनी वाद्यांवर जायजच्या बाजूने रिसाला (छोटा ग्रंथ) लिहिला. आणि यमनचे शौकानी (मृत्यू १८३४), ज्यांना कोणी सुफी म्हणणार नाही, त्यांनी तर या इज्माच्या दाव्याचं खंडन करायलाच एक किताब लिहिलं. पण त्याच शौकानींनी दुसरीकडे लिहिलंय की दोन्हीकडच्या दलीली बघता हे हरामच्या बाहेर गेलं तरी शंकास्पद गोष्टींच्या बाहेर जात नाही, आणि मोमिन शंकेच्या ठिकाणी थांबतो. मला हा माणूस यासाठीच आवडतो, स्वतः सावध राहतो पण दुसऱ्यावर खोटा इज्मा लादत नाही. गेल्या शतकात अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी जायजचा फतवा दिला, शेख अल्बानींनी हरामच्या बाजूने पूर्ण किताब लिहिलं. दोघेही आलिमच.

खलिफांच्या दरबारात गाणी चालायची, फाराबींनी संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, हे काही जण पुरावा म्हणून देतात. मी देत नाही. दरबारात तर दारूही चालायची.

आणि सुफींचं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. शेख अहमद सरहिंदी नक्शबंदी पंथाचे सुफी होते आणि समाच्या (सुफींच्या गाणं ऐकण्याच्या मैफिलीच्या) विरोधात होते. निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) समा ऐकायचे, त्यावरून दिल्लीच्या सुलतानासमोर उलमांबरोबर त्यांचा वाद झाला, पण फवाइदुल फुआद या त्यांच्या संवादांच्या संग्रहात त्यांची वाद्यांबद्दलची नापसंती नोंदलेली आहे. ऐकणारा कोण, मजकूर काय, यावरही त्यांच्या चिश्ती पंथाच्या कडक अटी होत्या. आज त्यांच्या नावावर जे जे वाजतं त्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर टाकू नका.

पोरं बिघडतील म्हणालात, ती काळजी मलाही आहे. रात्रभर कानात हेडफोन आणि फज्र (पहाटेची नमाज) गेली, तर ते संगीत त्या पोरासाठी नाजायजच, यात मला शंका नाही, आणि त्यातले शब्द बाईला वस्तू करणारे असतील तर नमाज वेळेवर पढूनही ते जायज होत नाही. पण त्याच पोराला तुम्ही सांगितलंत की कुरआनात साफ हराम लिहिलंय, आणि उद्या त्याने स्वतः उघडून पाहिलं आणि तिथे साफ सापडलं नाही, तर त्याचा भरवसा फक्त तुमच्यावरून उडणार नाही, जे खरंच साफ लिहिलंय त्यावरूनही उडेल. सूरह नह्लची ११६वी आयत हीच ताकीद देते, की जिभेवर येईल ते हे हलाल, हे हराम असं सांगत अल्लाहवर खोटं रचू नका. ती मला जितकी लागू तितकीच तुम्हाला. २०२३ मध्ये तालिबानने हेरातमध्ये वाद्यांची होळी केली, तेव्हा एका फिक्ही (धर्मकायद्याच्या) मताचं सरकारी हुकुमात रूपांतर झालं आणि वेगळं मत मानणाऱ्या मुसलमानाला आपली बाजू मांडायलाही जागा उरली नाही. ज्या मसल्यात खरा मतभेद आहे तिथे एकमेकांवर इन्कार (टोकणं, विरोध) नको, हा कायदा आपल्याच फुकहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) लिहून ठेवलाय.

राहिली इब्न उमर (र.) यांची रिवायत. धनगराची बासरी ऐकून त्यांनी कानात बोटं घातली, रस्ता बदलला, आणि सोबतच्या नाफिअना विचारत राहिले की अजून ऐकू येतंय का, आणि म्हणाले की पैगंबरांना (स.) मी असंच करताना पाहिलं. ही अबू दाऊदमध्ये आहे, आणि खुद्द अबू दाऊदनी तिला मुन्कर (न स्वीकारण्याजोगी) म्हटलंय, जरी नंतरच्या काहींनी ती सहीह मानली. सहीह धरली तरी नाफिअना कान बंद करायला सांगितलं नाही, उलट ऐकत राहायला लावलं, आणि धनगरालाही रोखलं नाही. नाजायज म्हणणारे म्हणतात नाफिअ तेव्हा लहान होते, किंवा आवाज कानावर पडणं आणि मुद्दाम ऐकणं वेगळं. मला ही रिवायत तकव्याची वाटते, म्हणजे स्वतः दूर राहणं, आणि तुम्ही तसे दूर राहत असाल तर मला तुमचा आदरच आहे.

लेख काढणार नाही. पण त्याखाली तुमची प्रतिक्रिया पूर्ण राहील, एक शब्द न कापता, आणि नाजायजच्या बाजूच्या दलीली एका वेगळ्या लेखात मांडायच्या असतील तर लिहून पाठवा, मी इथेच छापतो. फक्त शुअराची आयत २२७ पर्यंत द्या.