बीएमटीनंतर ‘सगळं आपोआप जागेवर येतं’? नाही येत!

बीएमटी म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हाडांतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा बदलणं. ते झालेल्या पेशंटच्या घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: नव्या पेशी रुजल्या की शरीर नवं होतं. पुढचा थकवा, थांबलेली पाळी, मुलांची खुंटलेली उंची ही सगळी केमोची उष्णता, ती दोन वर्षांत आपोआप उतरते. हार्मोनच्या गोळ्यांच्या नादी लागू नका, त्या सुटत नाहीत आणि कॅन्सर उलटतो. स्टिरॉइड तर जितक्या लवकर सोडाल तितकं बरं. माझ्या भावाला पेशी मी दिल्या, त्याच्या फॉलोअपची फाईल आजही मीच सांभाळते. म्हणून या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर देते आहे. त्यातलं एक वाक्य जीव घेऊ शकतं, तिथूनच सुरुवात करते.

‘स्टिरॉइड एका दिवसात सोडा, अंग मोकळं होतं.’

कृपा करून असं कुणीही करू नका. जीव्हीएचडी (डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावरच हल्ला करतात तो त्रास) असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड महिनोन्‌महिने चालतं. एरवी हे काम करणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन आपल्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी बनवतात. इतके दिवस औषध बाहेरून येत राहिलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून त्यांना संदेश जाणं थांबतं आणि त्या मंदावतात. गोळी एकदम बंद केली तर बाहेरचंही बंद आणि आतलंही नाही. मग मळमळ, उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, रक्तातलं सोडियम आणि साखर कमी. घरात वाटतं पित्त खवळलं, आणि लिंबू-सरबत देण्यात वेळ जातो. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. म्हणूनच डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. शेवटची गोळी संपल्यावरही ॲड्रिनल जागेवर यायला कित्येक महिने लागू शकतात. त्या काळात ताप, जुलाब, ऑपरेशन किंवा अपघात झाला तर किती डोस द्यायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद पेशंटच्या पाकिटात ठेवा. गावी किंवा लग्नाकार्याला जाताना तर नक्कीच. रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात पेशंटला पाहणाऱ्या डॉक्टरला बीएमटीचा इतिहास कुठून कळणार?

‘नवं रक्त म्हणजे नवं शरीर.’

नवी होते ती अस्थिमज्जा. तिच्यासाठी जागा करायला बुसल्फान, सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फलानसारखी औषधं किंवा सर्वांगाला रेडिएशन देतात. तो मारा थायरॉईड, अंडाशय, वृषण आणि पिट्यूटरी यांनीही सोसलेला असतो. डोनरच्या पेशी रुजून रक्त तयार करतात, थायरॉईड दुरुस्त करत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांचं आणखी एक आहे. वर्षानुवर्षं रक्त चढवल्यामुळे साठलेलं लोह ट्रान्सप्लांटनंतरही यकृतात, हृदयात आणि ग्रंथींमध्ये तसंच असतं. ते काढायला नंतर ठरावीक अंतराने रक्त काढावं लागतं किंवा औषधं द्यावी लागतात. नवं रक्त तयार होऊ लागलं म्हणून फेरिटिनची (साठलेल्या लोहाची) तपासणी सोडू नका.

‘थकवा दोन वर्षांत जातो.’

पहिल्या वर्षाचा अशक्तपणा बऱ्याच जणांचा खरोखर ओसरतो, एवढं या वाक्यात खरं आहे. पण थायरॉईड मंदावण्याचा त्रास पुष्कळदा काही वर्षं उलटल्यावरच सुरू होतो. दोन वर्षं झाली, सुटलो, असं वाटत असतानाच तो येतो. भावाचं तसंच झालं. रक्तपेशींचे काउंट उत्तम होते, पण थंडी सोसेना, बद्धकोष्ठ, दुपारी गाढ झोप. घरातले सगळे म्हणत, एवढं सोसलंय त्यानं, पडू दे जरा. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी केल्यावर कारण कळलं. ही तपासणी वर्षातून एकदा, त्रास असो वा नसो, करायची असते. सोबत फ्री टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) सुद्धा, कारण बिघाड पिट्यूटरीत असेल तर नुसतं टीएसएच फसवतं. थायरॉईडची गोळी (थायरॉक्सिन) सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. ॲड्रिनल मंद असल्याची शंका असेल तर आधी कॉर्टिसॉल तपासतात. ती कमतरता भरून न काढता थायरॉक्सिन सुरू केलं तर पेशंटची तब्येत ढासळू शकते.

‘पाळी थांबली तर चांगलंच, अशक्त मुलीचं रक्त वाचतं.’

हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण आईच मुलीला हे समजावते आणि मुलगी गप्प बसते. बुसल्फान आणि सर्वांगाचं रेडिएशन अंडाशयांना सगळ्यात जड जातं. विशीतल्या, तिशीतल्या मुलीची पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं. मग घाम, वाफा, झोप उडणं, योनीचा कोरडेपणा, आणि आतल्या आत हाडं पोकळ होत जाणं. स्टिरॉइडने हाडं आधीच झिजवलेली असतात. ट्रान्सप्लांटनंतर एका वर्षाच्या आसपास डेक्सा (हाडांच्या घनतेचा स्कॅन) करून घ्या. मुलींनी हे अंगावर काढू नये, आणि आयांनी काढू देऊ नये. लहान मुलींमध्ये तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, किंवा मुलग्यांमध्ये चौदापर्यंत वयात येण्याची काही खूण नाही, तर थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा.

‘हार्मोनने कॅन्सर उलटतो आणि सवय लागते.’

भीती खोटी नाही, पण ती इथे लागू होत नाही. हार्मोनच्या गोळ्यांविषयी जगभर जी धास्ती पसरली, ती मुख्यतः अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासामुळे. त्यातल्या बायका पाळी गेलेल्या, ५० ते ७९ वयाच्या होत्या. पंचविशीतल्या मुलीला शरीरानं जे बनवायला हवं होतं तेच दिलं जातं, आणि साधारण पन्नाशीपर्यंत. रक्ताची गुठळी, यकृताची जीव्हीएचडी, स्तनाचा कॅन्सर असा इतिहास असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. छातीला रेडिएशन मिळालेलं असेल तर स्तनांची तपासणीही लवकर सुरू करावी लागते. मुलांच्या उंचीसाठी देतात त्या ग्रोथ हार्मोनबद्दल म्हणाल, तर बालपणी कॅन्सर झालेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासांत त्यामुळे मूळ आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरीही हे हार्मोन रोग आटोक्यात आल्यावर काही काळ थांबूनच देतात. आणि सवयीचं काय? शरीर जे बनवत नाही ते भरून काढणं ही सवय कशी?

‘घराण्यातच बुटके आहेत.’ असतीलही. तरी दर सहा महिन्यांनी उंची मोजून तक्त्यावर लिहा. हाडांची टोकं जुळली की मग काही करता येत नाही. सर्वांगाच्या रेडिएशननंतर मणक्याची वाढही थेट खुंटू शकते, म्हणून बसून उंचीही मोजायला सांगा.

‘काउंट चांगले, मग बाकी तपासण्या पैसे उकळायला.’ मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली देशातला पहिला बीएमटी झाला. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी उपचार संपल्यानंतरची वेगळी ओपीडी तिथे १९९१ पासून चालते. कित्येक वर्षांनी उमटणारे परिणाम डॉक्टरांना दिसत होते, म्हणूनच ती सुरू झाली. साखर, लिपिड आणि रक्तदाब यांच्या तपासण्याही त्याच रांगेत येतात. फक्त रक्त चढवलेलं असेल तर एचबीएवनसीवर (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर) विसंबू नका, उपाशीपोटीची साखर बघा.

‘मूल होणं आता विसरा.’

सरसकट असं म्हणता येत नाही. ॲप्लास्टिक ॲनिमियात (अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी होते तो आजार) नुसतं सायक्लोफॉस्फामाइड दिलेल्या बऱ्याच तरुण मुलींची पाळी परत येते. पाळी नाही म्हणून गर्भ राहणारच नाही, असंही धरून चालू नका. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन बहुतेकदा टिकतं, शुक्राणूंना मात्र जास्त धक्का बसतो. ज्यांच्या ॲडमिशनची तारीख अजून यायची आहे, त्यांनी कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटआधीची केमो किंवा रेडिएशन) सुरू होण्याआधी शुक्राणू किंवा बीजांडं साठवण्याबद्दल विचारा. डॉक्टर घाईत असतील, लाज वाटेल, तरी विचारा. पहिला डोस गेल्यावर ही संधी बहुधा राहत नाही.