‘अर्धा दिवस रंग वाळायची वाट बघण्यात गेला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

छोटी मॉडेल्स (मिनिएचर) रंगवायच्या आमच्या वर्गाबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोन तारे आणि तीन तक्रारी: टोक फाटलेले ब्रश दिले, हायलाइट (उंचवट्यांवर आणि कडांवर द्यायचा उजळ रंग) शेवटच्या 20 मिनिटांत उरकले, आणि ‘अर्धा दिवस रंग वाळायची वाट बघण्यात गेला, एवढं करून जादूगाराच्या झग्यावर डाग पडले ते पडलेच’.

ब्रशचं खरं आहे. 1 नंबरचे ते ब्रश आधीच्या वर्गात वापरलेले होते. केस धातूच्या नळीत शिरतात तिथे रंग वाळून बसला की टोक पुन्हा जुळत नाही, कितीही धुवा. ते टेबलावर यायलाच नको होते. हायलाइटला वेळ कमी पडला, हेही मान्य. दोन्हींबद्दल माफी मागतो.

पण वाळण्याच्या वेळेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते वाक्य वाचून नव्याने येणाऱ्यांना वाटेल की आम्ही लोकांना नुसतं बसवून ठेवतो.

वर्ग दहा ते पाच. प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर, आदल्या दिवशीच मारून ठेवलेला असतो. बेसकोटचे, म्हणजे मूळ रंगाचे, दोन पातळ थर, प्रत्येकी दहाएक मिनिटं. वॉशला, म्हणजे खाचांत उतरून सावली करणाऱ्या पातळ गडद रंगाला, अर्धा तास. त्यावर उजळ करत नेणारे लेअरचे थर इतके पातळ की दोन-तीन मिनिटांत वाळतात, आणि एका घडीवरून दुसरीवर जाईपर्यंत पहिली तयार असते. म्हणजे हात थांबतो तो सात तासांत जेमतेम एक तास. वॉशच्या त्या अर्ध्या तासातही बाकीच्यांनी वेट पॅलेटवर (रंग ओला ठेवणाऱ्या दमट पॅलेटवर) लाल ते नारिंगी अशा पाच छटा मिसळून प्लॅस्टिकच्या चमच्यांवर त्यांच्या पट्ट्या काढल्या. तुम्ही तेव्हा फोनवर बाहेर होतात. फोन यायचेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वेळ रिकामा नव्हता.

आता डाग. तपकिरी वॉश झग्यावर लावला तेव्हा तो व्यवस्थित बसला होता. दहाव्या मिनिटाला तुम्हाला एका घडीत फिकट जागा दिसली आणि तुम्ही तिथे ब्रशने आणखी थोडा वॉश सोडला. वॉशची खोड नेमकी इथे असते. तो वरून वाळल्यासारखा दिसतो, चमक गेलेली असते, पण खाली ओलाच असतो. अशा वेळी ब्रश टेकवला की वरची नाजूक साय फाटते, मधला रंग उचलला जातो आणि कडेला गडद रेघ उरते. पाण्याचा मळका थेंब वाळला की मध्ये फिकट आणि भोवती गडद कडं राहतं ना, तोच प्रकार. थेंबाची कड पातळ असल्यामुळे आधी वाळते, तिची भरपाई करायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. ओल्यात दुसरा थेंब पडला की अशी दोन कडी एकमेकांत घुसतात. तुमच्या जादूगाराच्या डाव्या खांद्याखालचा डाग तोच आहे.

वॉश लावल्यावर त्याला हात लावायची मुभा पहिला मिनिट-दीड मिनिटच असते. ब्रश धुवायचा, टिश्यूवर टिपून नुसता दमट ठेवायचा आणि जिथे डबकं साचलंय तिथे टोक टेकवायचं. जादा वॉश आपोआप ब्रशमध्ये चढतो. झग्याच्या खालच्या काठावर डबकं हमखास होतं, कारण सगळं ओघळून तिथेच येतं. त्यानंतर काहीही दिसलं तरी हात मागे. चूक असेल तर ती वाळल्यावर सुधारायची.

त्यानंतर तुम्ही त्यावर ड्रायर मारलात. तो आमच्याच टेबलावर होता, हा दोष आमचा. तो बेसकोटसाठी असतो, थंड हवेवर आणि हातभर लांबून. गरम झोत जवळून मारला की खाचेतला वॉश ढकलला जाऊन उंचवट्यावर चढतो, म्हणजे सावली जिथे नको नेमकी तिथे बसते. मग झग्याला पुन्हा बेसकोट देऊन वॉश पहिल्यापासून करावा लागला. तुमचा जादा तास त्यात गेला, आणि हायलाइटला शेवटची 20 मिनिटंच उरली तीही त्यामुळेच. दुसऱ्या फेरीतला वॉशही पूर्ण वाळायच्या आत तुम्ही लेअरला हात घातलात, म्हणून डागाची थोडी छाया राहिली.

‘व्हिडिओत तर दोन मिनिटांत होतं’ असं तुम्ही लिहिलंय. व्हिडिओत वाळण्याचा वेळ कापलेला असतो. शिवाय सिटाडेल या मिनिएचर रंगांच्या ब्रँडने 2022 मध्ये आपल्या शेड्सचं, म्हणजे तयार वॉशचं, मिश्रण बदललं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत त्यांचा अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड हा तपकिरी वॉश जसा वागताना दिसतो तसा आजच्या बाटलीतला वागेलच असं नाही. आणि वॉश म्हणजे ‘नुसतं गढूळ पाणी’ हे तर अजिबात नाही. रंगात पाणी ओतून घरी वॉश केला की रंग धरून ठेवणारं बाइंडर विरळ होतं आणि डाग जास्त पडतात. त्यासाठी पाण्याऐवजी मीडियम (रंग नसलेलं नुसतं बाइंडर) घालायचं असतं, हे आम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं.

तुम्ही तक्रार केली नाहीत, पण फोटोत दिसतंय म्हणून सांगतो. झग्याच्या कडा गुलाबी झाल्यात. लालात पांढरा मिसळला की तो उजळत नाही, गुलाबी आणि खडूसारखा होतो. लालाला नारिंगीकडे न्यायचं, आणि अगदी शेवटच्या रेघेसाठी त्यात कातडीच्या रंगाचा एक ठिपका. हे वर्गात जितकं ठासून सांगायला हवं होतं तितकं सांगितलं गेलं नाही, कारण घड्याळात पावणेपाच झाले होते.

‘पैसे वसूल झाले नाहीत’ हे वाक्य लागलं. आठ जणांच्या वर्गात एकाचा झगा पुन्हा रंगवायला बसलो की बाकी सात जणांकडे पाठ होते. तरी बसलो. त्यांच्यापैकी कोणी कुरकुर केली नाही.

तुमचं मॉडेल वाया गेलेलं नाही. रंग काढायच्या भानगडीत पडू नका. झग्याचा मूळ लाल घ्या, एकास एक पाणी घाला, ब्रश टिश्यूवर टिपा आणि फक्त घडीच्या वरच्या भागावर, खाच सोडून, दोन पातळ थर द्या. डाग उंचवट्यावर आहे, तो झाकला जाईल आणि खाचेतली सावली तशीच राहील. मग त्याच लालात थोडा नारिंगी घालून पुढचा थर आधीच्यापेक्षा लहान जागेवर, असं तीनदा करा. ब्रश ओढताना शेवट उजेडाच्या बाजूला करा, कारण ब्रश जिथे उचलाल तिथे जास्त रंग साचतो. दोन थरांमधली रेघ खटकली तर मधली छटा एकास सहा पाण्यात पातळ करून त्या सांध्यावरून फिरवा. कडांना रेघ देताना ब्रशचं टोक वापरू नका, पोट वापरा. 45 अंशांत तिरका धरून कडेवरून नुसता घसरवला की रेघ आपोआप बारीक येते. टोकाने काढायला गेलं की ती थरथरते आणि जाड होते, तुमच्या बाहीवर झालीय तशी.

नवे ब्रश मागवले आहेत. वेळापत्रकाचंही बघतो, वॉश जेवणाच्या सुट्टीआधी घेता येतो का ते. हायलाइटला थोडा जास्त वेळ द्यायचा विचार आहे. ड्रायर कपाटात ठेवलाय.

पुढच्या वर्गात मागच्या बाकावर जागा करून देऊ, वेगळे पैसे लागणार नाहीत. जादूगाराला घेऊन या, फक्त त्यावर वॉर्निश मारून आणू नका. दमट हवेत मॅट वॉर्निशचा स्प्रे पांढुरका पडतो आणि मग डाग कुठला, पांढुरकेपणा कुठला ते ओळखायला अजून तास जाईल.