थोडं अवघड आहे

मला जपानमध्ये नागोयाला पाठवलं ते एका वाक्यासाठी. साहेब म्हणाले, "अरे, मशीनवाल्या कंपनीच्या माणसांसमोर जाऊन बस आणि मशीन दोन आठवडे आधी देतो एवढं त्यांच्या तोंडून वदवून घे. ईमेलवर ती माणसं नुसते आभार मानतात."

आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती टोकियो येईपर्यंत संपली. तिथून नागोया शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण पावणेदोन तास. फलाटावर आपल्या डब्याचं दार कुठे येणार त्याची खूण केलेली असते आणि दार खरोखर तिथेच येतं. गाडी दिसताच बॅग घेऊन धावणारा मी एकटाच होतो. धावून मी चुकीच्या डब्यापाशी पोचलो, तो भाग वेगळा. याच देशात २०१७ साली त्सुकुबा एक्सप्रेस वीस सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. उशिरा नव्हे, आधी! आमच्याकडे वीस सेकंद आधी गाडी सुटली तर लोक पेढे वाटतील.

शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात. भाजीत मांस नसतं, पण रश्शात मासा असतो, आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नसून चव असते. शेवटी मला ओनिगिरी सापडली. भाताचा त्रिकोणी गोळा, पोटात उमेबोशी म्हणजे खारट-आंबट फळ, बाहेर समुद्रातल्या शेवाळाचा पापड. दहीभातातून दही काढून घ्यावं आणि लोणचं तेवढं राहू द्यावं, तशी चव. पण वेष्टन! त्यावर १, २, ३ असे आकडे असतात. त्या क्रमाने ओढलं की भात हाताला लागत नाही आणि पापड शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो. इंजिनिअर म्हणून मी तीनदा हात जोडले आणि वेष्टन टाकायला कचरापेटी शोधू लागलो.

पेटी नव्हतीच. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. लोक आपला कचरा आपल्या घरी नेतात. मी तो कोटाच्या खिशात घातला. दुकानाची पावतीही त्यातच. आणि माझी व्हिजिटिंग कार्डंही त्यातच, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

बैठकीत बुचो, म्हणजे विभागप्रमुख, समोर उभे राहिले. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं आणि वाकायचं, हे मी पाठ करून गेलो होतो. दिलं, वाकलो. वर बघतो तर बुचो दोन्ही हातांत माझी पावती धरून वरपासून खालपर्यंत वाचताहेत. दोन ओनिगिरी, एक चहाची बाटली. त्यांनी ती संपूर्ण वाचली, मान लववली आणि टेबलावर स्वतःसमोर सरळ रेषेत ठेवली. मी घाईघाईने खरं कार्ड दिलं, तेही वाचून पावतीशेजारी मांडलं. दोन तास माझी ओनिगिरी अशी मानाने बसून होती. निघताना त्यांनी दोन्ही कागद आपल्या कार्डांच्या पाकिटात जपून ठेवले. जपानात कचरा टाकायला मला मिळालेली पहिली जागा ही.

मुद्द्यावर आलो. "मशीन दोन आठवडे आधी मिळेल का?" बुचोंनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि "चोत्तो..." म्हणून थांबले. दुभाषी मुलगी म्हणाली, "थोडं अवघड आहे."

मी साहेबांना कळवलं. उलट फोन आला, "थोडंच ना? मग झालं काम!" त्यांनी तेवढ्यात आमच्या ग्राहकालाही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. यावेळी हवा जरा जास्त ओढली गेली आणि "विचार करू" असं उत्तर आलं. मी खूश. तिसऱ्या दिवशी दुभाषी मुलीने मला कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच सांगितलं, "ते पहिल्याच दिवशी नाही म्हणाले होते."

मला राग यायला हवा होता, पण पुण्यात वाढलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने रागवावं? "या ना एकदा घरी" हे मी आजवर शेकडो लोकांना म्हटलंय, आणि एकही पत्ता विचारायला थांबलेला नाही.

दुपारी मशीनची चाचणी होती. जपानच्या पूर्वेला वीज ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, पश्चिमेला ६०. १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, तो घोळ आजही चालू आहे. इतक्या काटेकोर देशात एवढी मोठी गफलत सापडल्यावर मला फार बरं वाटलं. नागोया ६० च्या बाजूला. म्हणजे थेट विजेवर चालणारी चार पोलची मोटर तिथे मिनिटाला अठराशेच्या आसपास फिरणार आणि आमच्या ५० हर्ट्झवाल्या चाकणला आली की पंधराशेवर येणार. मोटर तीच, आमच्याकडे आल्यावर ती वीस मिनिटांचं काम चोवीस मिनिटांत करणार. तिला दोष कसा द्यायचा?

मशीन आलं ते मूळ ठरलेल्या तारखेलाच, १७ ला, सकाळी. सोबत जोडणी करायला एक जपानी इंजिनिअर. पाया ओतून तयार नव्हता, सिमेंटवाला लग्नाला गेला होता. इंजिनिअरने रिकामा खड्डा पाहिला, वही काढली आणि पाया कधी होईल असं नम्रपणे विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "होऊन जाईल."

त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "किती वाजता?"