शास्त्रज्ञांच्या हातात कारभार द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं?

आमच्या ग्रुपवर एकानं टाकलंय, हवामानाचे सगळे निर्णय शास्त्रज्ञांच्या हातात द्या आणि पुढाऱ्यांना घरी बसवा. खाली धडाधड अंगठे. मला काय हे पटत नाही बघा.

ते १.५ डिग्रीचंच घ्या, म्हंजे जगाचं सरासरी तापमान कारखान्यांच्या युगाआधीपेक्षा तेवढ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे. बऱ्याच जणांना वाटतं हा आकडा लॅबमधनं आला. तसं नाही. समुद्र वाढला की ज्यांचा अख्खा देशच जाणार ती छोटी बेटं कधीपास्नं ओरडत होती की २ डिग्री आम्हाला झेपणार नाही, आणि २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेत त्यांनी भांडून तो आकडा करारात घालायला लावला, 'प्रयत्न करू' एवढ्यावरच का असेना. मग देशांनीच आयपीसीसीला, म्हंजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रीय समितीला सांगितलं, यावर रिपोर्ट द्या. म्हंजे प्रश्न राजकारणानं विचारला आणि उत्तर विज्ञानानं दिलं. उत्तर पण कसलं, १.५ ला समुद्रातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जाणार, २ ला ९९ टक्क्यांच्या वर, आणि १.५ ला थांबायचं असलं तर २०३० पर्यंत माणूस वर्षाला सोडतो तो कार्बन डायऑक्साइड २०१० पेक्षा साधारण ४५ टक्के खाली आणायचा.

आयपीसीसी स्वतः संशोधन करत नाही, जगभरात छापून आलेले पेपर वाचून सार काढते, आणि धोरणवाल्यांसाठीचा सारांश सगळ्या सरकारांचे प्रतिनिधी बसून ओळ न् ओळ मंजूर करतात. लोक म्हणतात ह्यात पाणी घातलं जातं. जात असंल थोडं. पण मला हीच पद्धत भारी वाटते, एकदा सौदीनं, अमेरिकेनं, आपण ती ओळ मान्य केली की पुढं 'आम्हाला काय ठाऊक' म्हणायची सोय राहत नाही. तरी निर्लज्जपणा असतोच! ऑक्टोबर २०१८ ला दक्षिण कोरियात हा सारांश सगळ्यांनी मंजूर केला आणि डिसेंबरात पोलंडच्या हवामान परिषदेत अमेरिका, सौदी, रशिया, कुवेत, चौघं अडून बसले की ठरावात ह्या रिपोर्टचं स्वागत करायचं नाही. अरे, तुम्हीच मागवलेला ना?

आपल्याकडं कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे फूट गावभर तोंडात असतात. ३९ इशारा, ४३ धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेलं तेव्हाही आकड्यावर कोण भांडलं नाही. भांडण पुढचं, पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं का पूररेषेतल्या बांधकामांमुळं, आणि पाडायचं तर कुणाचं पाडायचं. हे मोजपट्टी सांगत नाही.

जगातही तेच चाललंय. आजवरच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, हा हिशोब विज्ञान काढून देतं. पण ती जुनी उधारी वसूल करायची का, कोळसा बंद झाल्यावर चंद्रपूरच्या खाणकामगारानं काय करायचं, ह्याला शास्त्रज्ञ कशाला पाहिजेत? ते निवडून दिलेल्यांनीच ठरवायचं आणि चुकले तर आपण त्यांना पाडायचं. शास्त्रज्ञाला कुठल्या निवडणुकीत पाडणार?

कुणीतरी आता ओझोनचं काढणारच, की तिथं शास्त्रज्ञांचं ऐकून लगेच काम झालं, १९८५ ला ओझोनच्या थराला भोक सापडलं आणि १९८७ ला ते पाडणारे गॅस कमी करायचा माँट्रियलचा करार झाला. बरोबर आहे. पण ते गॅस बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या आणि त्यांना पर्यायही मिळत गेले. कोळसा-डिझेल म्हंजे आपला ऊस कारखान्यापर्यंत नेणारा ट्रॅक्टर पण आला त्यात.

पटत नसंल तर खाली बिनधास्त लिहा, फक्त अलमट्टीवर गाडी नेऊ नका, ती वेगळी पोस्ट होईल.