बोटांना सुया टोचून मेंदूतली गुठळी निघत नाही

माझ्या मावसबहिणीला एकतिसाव्या वर्षी पक्षाघात झाला. तेव्हापासून ती वॉर्फरिनवर, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायच्या गोळ्यांवर आहे. काल तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मग गोळ्या बंद करू का?"

मेसेज असा: तरुणांना पक्षाघात होतो तो रक्त घट्ट झाल्यामुळे. झटका आला तर रुग्णाला हलवू नका, दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, मगच दवाखान्यात न्या. एरवी रोज लसूण खा, गोळ्या नकोत.

आधी सुईचं बघू, कारण जीव तिथेच जातो. बहुतेकदा गुठळी अडकलेली असते मेंदूच्या धमनीत. बोटातून चार थेंब काढून ती जागची हलत नाही. 'टोचल्यावर तोंड सरळ झालं' असं कोणी सांगत असेल, तर काही झटक्यांची लक्षणं आपोआप ओसरतात, आणि असा रुग्णसुद्धा तातडीने दवाखान्यातच न्यायचा असतो. 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात 2006 साली जेफ्री सेव्हर यांनी हिशोब मांडला होता: मोठी धमनी बंद पडली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. सुया टोचण्यात पंधरा मिनिटं घालवलीत तर पावणेतीन कोटींहून जास्त! गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेस साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनमध्ये पाहून. ते घरी कसं कळणार?

'घट्ट रक्ता'त अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. रक्त गोठण्याचे विकार तरुणांमध्ये पक्षाघात घडवू शकतात. पण दोष दाटपणाचा नसून नको तिथे गुठळी धरण्याचा असतो. बहिणीला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे. त्यात शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडं गुठळ्यांना चालना देतात. निदान पक्कं करायला किमान 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. सगळ्याच तरुणांना मात्र हेच कारण नसतं. हृदयाचे आजार असतात, मानेतल्या धमनीचं अस्तर फाटलेलं असतं.

लसणाबद्दल एवढंच: तिच्या डॉक्टरांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवायला सांगितलाय. तो लसणाच्या पाकळ्या मोजून सांभाळता येत नाही.

तिला उत्तर पाठवलंय: गोळी आजचीही घे. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरच्यांनी लगेच अँब्युलन्स बोलवायची आणि वॉर्फरिन चालू असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगायचं.