विसर मामीला, खापर सुनेच्या माथी

"एकत्र कुटुंबात स्मृतिभ्रंश होत नाही. हा पाश्चात्त्यांचा आजार. हल्लीच्या सुना बघत नाहीत म्हणून आपल्याकडे आला. औषधं म्हणजे कंपन्यांची लूट. ब्राह्मी आणि खोबरेल घ्या, महिन्यात फरक." हा फॉरवर्ड आमच्या भावकीच्या ग्रुपवर पडला आणि तो वाचला नेमका वहिनीनं, म्हणजे मामीच्या सुनेनं. म्हणून हे लिहितोय.

आधी सुनेचंच घेऊ. सोलापुरात साखर पेठेतल्या मामीच्या घरात नऊ माणसं एका चुलीवर जेवतात. मामी रात्री-अपरात्री उठते, "मिलचा भोंगा झाला, ह्यांचा डबा राहिला" म्हणत दार उघडायला जाते. मिल बंद पडून जमाना झाला, मामाही गेले. वहिनी दिवसभर विड्या वळते आणि रात्री त्याच विडीचा दोरा कडीला बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून झोपते. तिला सांगा, तू बघत नाहीस म्हणून!

लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञानं बनारसच्या मोहल्ल्यांत राहून म्हातारपणाचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९९८ चं. म्हातारं माणूस बरळू लागलं की लोक मेंदूकडे कमी आणि घराकडे जास्त बघतात, बिघडलेलं कुटुंब शोधतात, हे त्यानं तेव्हाच टिपलंय. म्हणजे फॉरवर्डवाल्यानं नवं काहीच सांगितलेलं नाही, जुनीच चुगली पुढे ढकललीय. आणि ती महागात पडते. नाव खराब होईल म्हणून घरचे आजार झाकतात, डॉक्टरकडे जाणं लांबतं.

पाश्चात्त्य आजार? मग 'साठी बुद्धी नाठी' काय अमेरिकेहून बोटीनं आली? २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरात सात जणांना स्मृतिभ्रंश आढळला, तोही शहरापेक्षा खेड्यात जास्त.

एकटेपणानं धोका वाढतो, हे मान्य. पण कमी ऐकू येणं, बीपी, शुगर यांनीही वाढतो. त्यात सुनेचा काय संबंध?

औषधांनी अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, बरा होत नाही, हेही खरं. काहींना थोडा काळ उपयोग होतो, एवढंच. पण म्हणून खोबरेलानं बरा होतो असं कुठे ठरलं? उलट बी-१२ किंवा थायरॉइड कमी असलं तरी माणूस विसरायला लागतं, आणि ते वेळेत सापडलं तर सुधारू शकतं. मामीचं रक्त अजून तपासलेलं नाही. खोबरेलाचा डबा मात्र ग्रुपवरच्या एकानं घरपोच पाठवलाय.